नवरात्रात पाण्यात उतरलेलं जहाज : मुंबई गोदीचा इतिहास

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून निघालं की तासाभरात अलमेडाचा धक्का येतो. तिथे उभी असलेली यूएसएस हॉर्नेट ही विमानवाहू युद्धनौका आपल्यापैकी अनेकांनी मुलांना घेऊन पाहिलेली असते. चंद्रावरून परतलेले अपोलो ११ चे अंतराळवीर १९६९ च्या जुलैत याच जहाजाने पॅसिफिकमधून उचलून घेतले, एवढ्या एका गोष्टीवर मुलांचा शनिवार निघतो. पण हॉर्नेट हे नाव अमेरिकन आरमारात फार जुनं आहे. अलमेडाची हॉर्नेट त्या नावाची आठवी. तिच्या एका पूर्वजेची गाठ १८१५ च्या एप्रिलात, दूर दक्षिणेच्या समुद्रात, मुंबईत बांधलेल्या एका जहाजाशी पडली आणि त्यातून ती जेमतेम वाचली.

झालं असं, की ती हॉर्नेट आणि तिची जोडीदार पीकॉक यांना क्षितिजावर एक मोठं जहाज दिसलं. ईस्ट इंडिया कंपनीचं मालाने भरलेलं गलबत असणार, चांगली लूट मिळेल, या हिशेबाने दोघी त्याच्या मागे लागल्या. जवळ गेल्यावर कळलं की हे ७४ तोफांचं लढाऊ जहाज आहे, एचएमएस कॉर्नवॉलिस. मग पाठलाग उलटा फिरला आणि पुढचे तीन दिवस चालला. कप्तान जेम्स बिडलने वजन कमी करण्यासाठी नांगर टाकले, होड्या टाकल्या, शेवटी तोफासुद्धा समुद्रात ढकलल्या. हॉर्नेट सुटली तेव्हा तिच्यावर एकच तोफ उरली होती. गंमत म्हणजे इंग्लंड-अमेरिकेचा तह त्याआधीच होऊन गेला होता; समुद्रावरच्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

हे कॉर्नवॉलिस १८१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं होतं. पुढे १८४२ मध्ये चीनकडून हाँगकाँग काढून घेणाऱ्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या, त्याही याच जहाजावर.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटलं की अध्यक्षांची यादी, वास्तूचं भूमिपूजन, देणगीदारांचे आभार, असा एक साचा ठरलेला आहे. मुंबई गोदीचा इतिहास त्या साच्यात बसत नाही. तिचे अध्यक्ष म्हणजे दीडशे वर्षं एकाच घरातले सुतार, तिचं भांडवल म्हणजे मलबारचं सागवान आणि अरबी समुद्राची भरती, आणि तिच्या कामाचा पुरावा आजही इंग्लंडमधल्या एका बंदरात तरंगतो आहे. जहाज पाण्यात सोडण्याच्या दिवसाची वर्णनं भरपूर सापडतात. गव्हर्नर आला, बाटली फोडली, टाळ्या झाल्या. पण तो दिवस जहाजाच्या मालकाचा असतो. गोदीचा इतिहास शोधायचा तर त्याच्या आधीच्या वर्षांत शिरायला हवं.

आधी गोदी कोणती ते सांगायला हवं, कारण मुंबईकर सुद्धा इथे घोटाळा करतात. १४ एप्रिल १९४४ ला ज्या गोदीत स्फोट झाला ती व्हिक्टोरिया गोदी पोर्ट ट्रस्टची. माझगाव डॉक ही वेगळी कंपनी, तिचा उल्लेख पुढे येईल. आपण बोलतोय ती फोर्टमध्ये, टाऊन हॉल आणि काळा घोड्याच्या पूर्वेला, लायन गेटच्या आतली. आज तिला नेव्हल डॉकयार्ड म्हणतात.

अठराव्या शतकाच्या आरंभी कंपनीला मुंबईत जहाजं बांधायची गरज भासली ती मुख्यतः आंग्र्यांमुळे. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तरी कोकणपट्टीवर त्यांच्या आरमाराचा धाक होता आणि कंपनीच्या व्यापारी जहाजांना सोबतीला लढाऊ गलबतं लागत. ती बांधली जात सुरतेला. १७३५ मध्ये कंपनीचा डडली नावाचा अधिकारी तिथे ‘क्वीन’ हे जहाज बांधून घ्यायला गेला. कामावर देखरेख करणारा एक पारशी तरुण त्याच्या नजरेत भरला. नाव लवजी नसरवानजी. मुंबईला चल, तिथे गोदी उभारायची आहे, असं डडलीने सुचवलं. हातातलं काम पुरं झाल्यावर १७३६ मध्ये लवजी काही सुतार बरोबर घेऊन मुंबईत आला. पुढे याच घराण्याला जग वाडिया म्हणून ओळखू लागलं.

सुरतेवर मुंबईची सरशी झाली ती एका नैसर्गिक गोष्टीमुळे. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक साधारण पंधरा फुटांचा पडतो. सुक्या गोदीला नेमकं हेच लागतं. किनाऱ्यात दगडी हौद खोदायचा, त्याच्या तोंडाला दरवाजे बसवायचे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी बाहेर जाऊ द्यायचं, दरवाजे मिटायचे. जहाज आधारांवर उभं राहतं आणि माणसं त्याच्या तळाखाली जाऊन काम करू शकतात. अशी पहिली सुकी गोदी मुंबईत १७५० मध्ये तयार झाली, दुसरी १७६२ मध्ये, तिसरी १७६५ मध्ये. तिन्ही एकापुढे एक, एका रांगेत; त्यामुळे सगळ्यात आतलं जहाज बाहेर काढायचं तर पुढच्या दोन्ही गोद्यांतून न्यावं लागे. पंप चालवायला वाफ नव्हती तेव्हा हे बहुतांश काम चंद्रानेच केलं.

या गोदीचा मराठी मनाला बोचणारा एक अध्याय आहे आणि तो गाळून पुढे जाणं बरं नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्ग घेतला. तुळाजी आंग्र्यांचं आरमार आणि त्यांच्या गोदीत बांधणीत असलेली जहाजंही लढाईत लागलेल्या आगीत भस्मसात झाली. वॉटसनच्या जहाजांची डागडुजी आधी मुंबईत झाली होती. या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. एका गोदीने दुसरी गोदी बुडवली, आणि त्याला आपल्याच दरबाराची संमती होती. ज्या किनाऱ्यावर जहाजबांधणीच्या दोन परंपरा नांदत होत्या, तिथे पुढे मोठी जहाजं बांधणारी एकच उरली.

लवजी १७७४ मध्ये वारला. चाळीस वर्षं कंपनीची जहाजं बांधून त्याच्यामागे राहिलं एक घर आणि वीस हजारांच्या आतली रोकड. मग माणेकजी आणि बमनजी ही मुलं, त्यांच्यानंतर फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी ही नातवंडं, अशी उस्तादी घरातच चालत राहिली. मुख्य बांधणीकार म्हणून नेमणूक झाली की कंपनीकडून चांदीची मोजपट्टी आणि शाल मिळे. मुलगा लहानपणीच गोदीत पाऊल ठेवी तो हातात रंधा-वाकस घेऊनच. नकाशा वाचायला शिकण्याआधी लाकूड ओळखायला शिकायचं, हा तिथला क्रम.

लाकूड म्हणजे साग. ओकच्या जहाजांपेक्षा सागाची जहाजं जास्त का टिकली, याची कारणं स्वच्छ आहेत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे आणि सळया गंजतात. खिळा गंजला की भोवतीचं लाकूड सडतं. सागात तेल असतं, ते लोखंड जपतं. वाळवी सागाच्या वाटेला सहसा जात नाही. पण ओला साग इतका जड की पाण्यात बुडतो, म्हणून झाड उभं असतानाच बुंध्याभोवती साल आणि खालचं कोवळं लाकूड गोल कापून काढत. झाड जागच्या जागी वाळे, मग तोडत आणि नदीतून वाहवत समुद्रापर्यंत आणत. जहाजाच्या फासळ्यांना मुळातच वाकलेली लाकडं लागतात. सरळ ओंडका तासून बाक काढला तर तो रेषेवर फुटतो. त्यामुळे कुठल्या झाडाची फांदी जहाजात कुठे बसेल, हे जंगलातच हेरणारी माणसं होती. बाहेरच्या फळ्या एकीला एक नुसत्या टेकवून ठेवत नसत. कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवत, सांध्यांत कापूस आणि राळ भरत. तळाला लाकूड पोखरणारे समुद्री किडे लागू नयेत म्हणून बाहेरून तांब्याचा पत्रा मारत.

या सगळ्याची किंमत मलबारने मोजली. १८०६ मध्ये कंपनीने तिथे वॉटसन नावाच्या कॅप्टनला जंगलांवर नेमलं आणि सागाची मक्तेदारी हाती घेतली. ज्यांच्या परड्यातलं झाड होतं त्यांना ते तोडायची बंदी झाली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये ती व्यवस्था गुंडाळावी लागली. मुंबईच्या जहाजांचं कौतुक करताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

इंग्लंडच्या शाही आरमाराने मुंबईकडे वळून पाहिलं ते नेपोलियनच्या युद्धांत, घरचा ओक संपत आल्यावर. वळतानाही खळखळ होतीच. नेटिव्ह सुताराच्या भरवशावर शाही जहाज सोडायचं का, असा प्रश्न लंडनमध्ये विचारला जाई. जमशेटजींची एक गोष्ट गोदीच्या इतिहासात सांगितली जाते. १८०० मध्ये बांधलेल्या, वर सांगितलेल्या कॉर्नवॉलिसच्या आधीच्या त्याच नावाच्या जहाजात त्यांनी अगदी आतल्या तुळईवर, सहज दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे असं कोरून ठेवलं. वर शिवीही तीच घातली, जी गोरे साहेब त्यांच्यासारख्यांना घालत. बऱ्याच वर्षांनी ते जहाज पुन्हा गोदीत आलं तेव्हा त्यांनी स्वतः ती ओळ दाखवली म्हणतात. सगळ्या गोदीच्या इतिहासात इतकं बोलकं दुसरं काही मला ठाऊक नाही.

१८०५ मध्ये शाही आरमारासाठी पहिली फ्रिगेट बांधून झाली. ७४ तोफांच्या मोठ्या जहाजासाठी जुन्या गोद्या अपुऱ्या होत्या, म्हणून डंकन गोदी बांधली गेली. ती १८१० मध्ये पुरी झाली आणि तिच्यातून १९ जून १८१० ला मिंडेन हे जहाज बाहेर आलं. तो मंगळवार होता. गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी रिवाजाप्रमाणे बाटली फोडली आणि भर भरतीला जहाज प्रवाहात सोडलं गेलं, असं ‘बॉम्बे कुरिअर’ने त्याच आठवड्यात छापलं. पंचांग पाहिलं तर वटपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मुहूर्त भटजीने काढला असो वा नसो, पौर्णिमेच्या उधाणावाचून ते जहाज गोदीच्या उंबऱ्यावरून जाणारच नव्हतं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत आणि युरोपात मोठी जहाजं उतरणीवर बांधून समुद्रात घसरवत, आणि घसरवणं भरवशाचं नसतं. बॉस्टनला १७९७ मध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन दोनदा मध्येच अडकलं. जमलेली गर्दी निराश होऊन घरी गेली. तिसऱ्या खेपेला, २१ ऑक्टोबरला, ते पाण्यात गेलं. आपल्या बे एरियात व्हालेहोजवळच्या मेअर आयलंडच्या गोदीत उलटंच झालं. २० नोव्हेंबर १९१९ ला कॅलिफोर्निया ही युद्धनौका सोडली तेव्हा ती इतक्या जोरात सुटली की थांबवण्याची सगळी व्यवस्था मोडून पलीकडच्या काठाच्या चिखलात जाऊन रुतली. मुंबईत हा थरार नव्हता. दरवाजे उघडायचे, पाणी आत येऊ द्यायचं आणि थांबायचं. पाणी चढत जातं आणि एका क्षणी काही हजार मण लाकूड आधारांवरून सुटून तरंगू लागतं. बघ्यांच्या दृष्टीने फिकं, पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने फार समजूतदार.

मिंडेनबद्दल एक दंतकथा दरवर्षी चार जुलैच्या सुमाराला आपल्या व्हॉट्सॲप गटांत हिंडते. अमेरिकेचं राष्ट्रगीत फ्रान्सिस स्कॉट की यांनी मुंबईत बांधलेल्या मिंडेन जहाजावर बसून लिहिलं, ही ती कथा. छापील पुस्तकांतही ती शिरली आहे. १३-१४ सप्टेंबर १८१४ च्या रात्री बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर तोफा डागल्या जात होत्या तेव्हा की हे डॉक्टर विल्यम बीन्स यांना सोडवण्याच्या कामावर आले होते आणि तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर अडकून पडले होते. मिंडेनचा त्या रात्रीशी संबंध जोडणारा समकालीन पुरावा नाही. आपल्या गोदीला मोठं करण्यासाठी उसन्या गोष्टीची गरज पडावी, हे मला पटत नाही. कारण १८१२ च्या त्याच युद्धाने अमेरिका आणि मुंबई गोदी यांची जी खरी गाठ घातली, ती त्या दंतकथेपेक्षा कितीतरी सरस आहे.

३० ऑक्टोबर १८१२ ला लंडनच्या आरमार खात्याने मुंबईत एक फ्रिगेट बांधायचा हुकूम काढला. नाव ठरलं त्रिंकोमाली, श्रीलंकेतल्या बंदरावरून. तिचे नकाशे एचएमएस जावा या जहाजातून मुंबईला रवाना झाले. जावावर आणखी बरंच होतं : मुंबईत बांधणीत असलेल्या ७४ तोफी जहाजासाठी तांब्याचे पत्रे, आणि मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून निघालेले जनरल टॉमस हिस्लॉप. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर जावाला यूएसएस कॉन्स्टिट्यूशनने गाठलं. लढाईत जावाच्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान लॅम्बर्ट जबर जखमी झाला आणि पुढे त्यातच गेला. जहाज बंदरापर्यंत ओढून नेण्याच्या अवस्थेतही उरलं नव्हतं. कॉन्स्टिट्यूशनच्या कप्तान बेनब्रिजने माणसं उतरवून घेतली, जावाचं सुकाणूचं चाक आपल्या जहाजासाठी काढून घेतलं आणि बाकीचं पेटवून दिलं. त्रिंकोमालीचे नकाशे त्याबरोबर गेले.

मुंबईत जमशेटजी वाट पाहत राहिले. कॉर्नवॉलिस तोवर पाण्यात गेलं. नकाशांचा दुसरा संच यायला १८१६ उजाडलं. हुकूम निघाल्यापासून साडेतीन वर्षं होत आली होती. ज्या नेपोलियनसाठी ही फ्रिगेट हवी होती तो सेंट हेलिना बेटावर कैदेत बसला होता. तरीही काम सुरू झालं. सरकारी खात्याचा हुकूम रद्द करण्यापेक्षा पुरा करणं सोपं असतं, हे तेव्हाही खरं होतं.

१८१६ च्या उन्हाळ्यात त्रिंकोमालीचा पठाण, म्हणजे जहाजाचा तळचा कणा, गोदीत मांडला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. जहाज सुखरूप राहावं म्हणून हा विधी. तो चुकवून काम पुढे सरकत नसे. मग नकाशावरच्या रेषा जमिनीवर पूर्ण आकारात काढायच्या, त्यावरून फळकुटांचे साचे कापायचे, साचा घेऊन सुतार लाकडाच्या ढिगाकडे जायचा. फासळ्या उभ्या राहिल्या की जहाज प्रथमच जहाजासारखं दिसू लागतं. पावसाळाभर वर छप्पर आणि खाली काम. नकाशा इंग्रजी होता, पण लाकूड कापणारा हात, खिळा कुठे मारायचा याचा निवाडा आणि गोदीत चालणारी गुजराती, मराठी, कोकणी बोली ही सगळी इथली. खर्च २३,००० पौंडांच्या आसपास आला.

१२ ऑक्टोबर १८१७ ला त्रिंकोमाली पाण्यात उतरलं. भाद्रपदी अमावस्येचं उधाण होतं आणि घरोघरी घट बसले होते. त्याच आठवड्यात पुण्यात पेशवे दुसरे बाजीराव दसऱ्याच्या तयारीत होते. १९ ऑक्टोबरचा तो दसरा, पेशवाईतला पुण्याचा शेवटचा मोठा दसरा ठरला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. आणि जावावर अमेरिकनांच्या हाती सापडून सुटलेले ते जनरल हिस्लॉप? ते पुढे मद्रासच्या सैन्याचे सरसेनापती झाले, आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव केला तो त्यांनीच. ज्या जहाजाचा नकाशा त्यांच्या प्रवासात जळाला, ते तयार होईपर्यंत मराठी राज्यच बुडत आलं. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. कॅलेंडरवर त्या एकाच पानावर आहेत.

त्रिंकोमाली मुंबईहून निघून १८१९ च्या एप्रिलअखेर पोर्ट्समथला पोचलं, वाटेत जानेवारीत सेंट हेलिनाला थांबून. इंग्लंडला पोचताच ते राखीव म्हणून बांधून ठेवलं गेलं, आणि पंचवीसेक वर्षं तसंच पडून राहिलं. याच आळसाने ते वाचलं, असं मला वाटतं. लढाईत झिजलेली त्याच्या बरोबरीची जहाजं भंगारात गेली. १८४५ मध्ये त्याच्यावर कमी संख्येच्या पण जड तोफा चढवल्या, मागचा भाग बदलला, आणि मग मुंबईचा साग खऱ्या अर्थाने कामाला लागला. १८५२ पासून पाच वर्षं त्रिंकोमाली पॅसिफिक महासागरात होतं. व्हँकुव्हरच्या बाजूला फेरीने फिरायला जाणाऱ्यांनी नकाशावर गॅलियानो आणि सॉल्ट स्प्रिंग या बेटांमधली खाडी पाहावी. तिचं नाव ‘त्रिंकोमाली चॅनल’ आहे, याच जहाजावरून.

सॉल्ट स्प्रिंग बेटावरच्या मुख्य गावाचं नाव गँजेस. तेही आपल्याच गोदीच्या एका जहाजावरून आलं आहे. ८४ तोफांचं गँजेस १८२१ मध्ये मुंबईत उतरलं, आणि १८५९ मध्ये पॅसिफिकमधल्या ब्रिटिश ताफ्याचं प्रमुख जहाज होतं. त्या साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टनजवळच्या सान व्हान बेटावर एका अमेरिकन शेतकऱ्याने ब्रिटिश हडसन्स बे कंपनीचं डुक्कर मारलं आणि दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर आलं. गँजेसवरून हुकूम देणारे ॲडमिरल बेन्स यांनी डुकरापायी दोन देशांत युद्ध पेटवायला साफ नकार दिला. मेलं ते फक्त डुक्कर.

ही सगळी गोदीची भरभराटीची वर्षं. जमशेटजी १८२१ मध्ये वारले, त्यांचे चिरंजीव नवरोजी पुढे आले, १८२४ मध्ये एशिया उतरलं आणि तीनच वर्षांनी नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं प्रमुख जहाज म्हणून गाजलं. शाही आरमारासाठीचं शेवटचं मोठं शिडाचं जहाज, मियानी, १८४८ चं. मग वाफ आली, लोखंड आलं. वाडिया घराण्यातल्या अर्देशीर खरशेटजींनी हा बदल सगळ्यांच्या आधी ओळखला. माझगावच्या बंगल्यात १८३४ मध्ये त्यांनी गॅसचे दिवे लावले, १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनीअर म्हणून ते रुजू झाले. त्यांच्या हाताखाली युरोपियन काम करणार हे काहींना फार झोंबलं. १८४९ मध्ये ते अमेरिकेत आले आणि लाकूड कापण्याची यंत्रं पाहून प्रभावित झाले. गोदी मात्र त्यांच्या मागून गेली नाही. लोखंडी जहाजांची कामं इंग्लंडातच राहावीत, यात तिथल्या कारखान्यांचं हित होतं. मुंबईकडे दुरुस्ती राहिली. वाडियांपैकी शेवटचे मुख्य बांधणीकार १८८५ मध्ये निवृत्त झाले.

त्यानंतर मुंबईत मोठी युद्धनौका बांधली जायला ऐंशीहून अधिक वर्षं गेली, आणि तीही या गोदीत बांधली गेली नाही. ती थोडी उत्तरेला माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. तिथे १७७४ पासून एक लहानशी सुकी गोदी होती, १९३४ मध्ये तिची कंपनी झाली, १९६० मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली. ब्रिटिश लिअँडर जातीच्या नकाशावरून, व्हिकर्स आणि यॅरो या कंपन्यांच्या मदतीने तिथे आयएनएस नीलगिरीचं काम १९६६ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. दोन वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६८ ला, पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं जलावतरण झालं, आणि ३ जून १९७२ ला ती नौदलात दाखल झाली. या खेपेलाही नकाशा परदेशी होता. फरक एवढाच, आणि तो थोडा नाही, की त्याच जातीच्या पुढच्या पाच जहाजांत इथल्या अभियंत्यांनी तो नकाशा बदलत नेला. हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी अशा क्रमाने शेवटच्या विंध्यगिरीपर्यंत येताना मूळ लिअँडर ओळखू येईना. जमशेटजींना नकाशात हात घालायची मुभा कुणी दिली नव्हती.

त्रिंकोमालीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १८९७ मध्ये ते भंगारात विकलं गेलं. तिथून जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या उद्योजकाने ते उचललं आणि फुद्रॉयां या नावाने मुलांना समुद्राचं शिक्षण देणारं जहाज केलं. ते काम १९८६ पर्यंत चाललं. मग इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात नेऊन जुन्या रूपात आणलं, १९९२ मध्ये नाव परत दिलं, २००१ मध्ये काम संपलं. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ते आज सर्वांत जुनं आहे. त्याच्याहून जुनी तरंगती युद्धनौका जगात एकच, बॉस्टनची यूएसएस कॉन्स्टिट्यूशन; म्हणजे जिच्यामुळे त्याचे नकाशे जळाले तीच.

मुंबईतली नेव्हल डॉकयार्ड आता नौदलाची जहाजं दुरुस्त करते. डंकन गोदी वापरात आहे. १५ जानेवारी २०२५ ला इथेच माझगाव डॉकने बांधलेली तीन जहाजं एका दिवशी नौदलात दाखल झाली : नव्या बनावटीची नीलगिरी, वाघशीर ही पाणबुडी आणि लवजींच्या गावाचं नाव घेतलेली सुरत. लायन गेटच्या आत सामान्य माणसाला परवानगीशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे भारतभेटीत गोदी पाहायचा बेत असेल त्यांनी नौदलातल्या ओळखीच्या माणसाला आधी फोन करावा. हार्टलपूलला जाणाऱ्यांनी नुसतं तिकीट काढलं की झालं. वरचा डेक पाहून परत फिरू नये, खालच्या मजल्यावर उतरून सागाच्या तुळया हाताने चाचपून पाहाव्यात. उंची कमी आहे, तेव्हा डोकं सांभाळून.